जमादारांची हद्द

जमादारांच्या खाकी शर्टाला पितळी गुंड्या नव्हत्या. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी त्या ब्लेडनं कापून काढल्या, सरकारात जमा केल्या आणि पावती मागितली. कारकून हसला. "जमादार, शर्टासकट घेऊन जा की." तर म्हणाले, "शर्ट माझ्या अंगाचा हाय, गुंड्या सरकारच्या." पावती मिळेपर्यंत ते उघड्या छातीनं बाकावर बसून राहिले. पुढे त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्या जागी उशीच्या अभ्र्याला लावतात तशा पांढऱ्या गुंड्या शिवून दिल्या. तोच शर्ट खाली धोतर नेसून ते रोज घालत.

मी त्यांची भाडेकरू होते. वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते ते दिवस. माझ्या नवऱ्याला तिथे फिटरची नोकरी लागली होती, आणि छावणीच्या अलीकडच्या एका गल्लीत जमादारांच्या घराची मागची खोली आम्हाला मिळाली होती. जमादार मूळचे पिशोरचे. निजामाच्या पोलिसात शिपाई म्हणून लागले, पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद राज्याचे झाले, मग मुंबईचे, मग महाराष्ट्राचे. "टोपी तीनदा बदलली, बाक तोच," असं सांगायचे.

त्यांचं एक वेड होतं, ते म्हणजे हद्द. आमच्या गल्लीच्या मधून नाली वाहायची. नालीच्या अलीकडची घरं एका ठाण्यात, पलीकडची दुसऱ्या. एकदा पलीकडच्या नळावर दोन बायकांची जुंपली, घागरी आपटल्या, झिंज्या धरल्या. लोक धावत जमादारांकडे आले. ते उठले, चपला घालून चालत नालीच्या काठाशी गेले आणि थांबले.

"पल्याडची हद्द माझी नाय," ते ओरडून म्हणाले. "अलीकडं येऊन भांडा, मंग सोडवतो!"

त्या बायकांनी एकमेकींचे केस सोडले आणि हसायलाच लागल्या. जमादारांना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्यांचा ना अलीकडे अधिकार राहिला होता ना पलीकडे, पण हे त्यांना कोण सांगणार?

घरातही ठाण्यासारखा कारभार. एका जाड वहीत ते घरातल्या प्रत्येकाचं येणं-जाणं लिहीत. आलं की 'आमद', गेलं की 'रवानगी'. काकू भाजीला निघाल्या तरी आतून आवाज यायचा, "कुठं? किती वाजता परत?" काकू न थांबता म्हणायच्या, "पळून चालले. लिहा."

मला या विनोदाचं हसू येत नसे. कारण मी खरंच पळून आले होते.

माझं माहेर मध्य प्रदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात मराठी, बाहेर हिंदी. वडील नव्हते. शेती, ट्रॅक्टर आणि गावातला मान, सगळं मोठ्या भावाकडे. नवऱ्याची जात आमच्याहून वेगळी. त्यानं रीतसर मागणी घातली तेव्हा दादानं त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं आणि माझं कॉलेज बंद केलं. एका सकाळी मी शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन साड्या घेऊन निघाले. जळगावला चार साक्षीदारांसमोर लग्न लागलं.

खोली पाहायला गेलो तेव्हा जमादारांनी आधी तो दाखलाच मागितला. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून वाचला. बोटांवर हिशेब केला.

"एकवीस वर्सं आन् तीन महिने. ठीक." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं हे लग्न मला पटलं नाय. आईबापाला सोडून येणं चांगलं नसतं. पर वय बसतंय. खोली देतो."

अशा माणसाच्या घरात मी राहत होते. दर सोमवारी ते जुन्या सोबत्यांना भेटायला ठाण्यावर जात, आणि ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. पोलीस तो पोलीसच. दादानं चार ठिकाणी पत्रं पाठवली असतील, एखादं इथल्या ठाण्यावर आलं असेल, जमादार वाचतील, आणि आमद-रवानगीत माझं नाव आहेच. नवरा पहिल्या पाळीला पहाटे निघून गेला की मी आतून कडी लावायची. दारावर टकटक झाली तर आधी खिडकीच्या फटीतून बघायचं. रस्त्यानं जीपचा आवाज आला की हातातलं पीठ तसंच राहायचं.

त्यात एक दिवस जमादारांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "ठाण्याला अर्ज लिहा. मी सज्ञान हाय, मर्जीनं आले, मर्जीनं राहते. खाली सही. मी नेऊन देतो."

मी सही केली नाही. ठाण्याला आपला पत्ता आपणच कशाला कळवायचा? रात्री नवऱ्याशी भांडले, खोली बदलू म्हणाले. जमादारांनी दुसऱ्या दिवशी कागद परत नेला. "जबरदस्ती करायचा मला हक्क नाय," एवढंच म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी जीप आली.

सकाळचे दहा वाजले असतील. काकू अंगणात ज्वारी निवडत होत्या. जमादार स्टुलावर बसून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. मी खिडकीतून पाहिलं. परक्या राज्याच्या नंबराची, धुळीनं भरलेली खासगी जीप. आधी एक हवालदार उतरला, मग शिपाई, मग आमचे एक चुलते, आणि शेवटी दादा. दादाची दाढी वाढली होती. मी कडी लावली आणि खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"लड़की कहाँ है?" हवालदाराचा आवाज.

"कौनसे ठाने से आए?" जमादारांचा.

हवालदारानं ठाण्याचं नाव सांगितलं. अपहरणाची एफआयआर आहे म्हणाला, मुलगी सतरा वर्षांची आहे.

"यहाँ के ठाने में आमद लिखाए क्या?"

"उसकी ज़रूरत नहीं है।"

"जनाना पुलिस लाए?"

"बूढ़े, हट जा।"

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी फटीतून पाहिलं. जमादारांनी स्टूल उचलून माझ्या दारासमोर आणून ठेवलं होतं आणि त्यावर ते बसले होते. साबण तसाच, हातात वस्तरा. वस्तरा त्यांनी मिटला आणि काकूंकडे दिला, वस्तरा दाखवला असं उगाच कोणी म्हणायला नको.

"देखो मियाँ," ते म्हणाले, "मैं पैंतीस साल यही नौकरी करा. आज मेरा हुकूम किसी पे नहीं चलता. लेकिन घर मेरा है. अपनी हद्द के बाहर सिपाही मेहमान होता. मेहमान पहले चौकी पे जाता, सलाम करता, नाम लिखाता. फिर आता. तुम तो सीधा घर में घुसरए. तुम में और डाकू में मैं फरक कैसा करूं?"

गल्ली जमू लागली. नालीपलीकडचा टेलर मापाची टेप गळ्यात घेऊन अलीकडे आला. हवालदार चढ्या आवाजात बोलत होता आणि जमादार प्रत्येक वाक्यानंतर तेच विचारत होते, "आमद लिखाए क्या?"

तेवढ्यात दादा खिडकीशी आला. आत बघत नव्हता, गजांना धरून उभा होता. हळू आवाजात, आपल्या घरच्या मराठीत म्हणाला, "आईला झटका आलाय. उजवी बाजू गेली. तुझंच नाव घेते. तुला कोणी काही करणार नाही. नुसती भेटून ये."

मी उठले. आजही मला तो क्षण आठवतो. हात कडीवर होता. खरं असेल तर? आणि खोटं असेल तर? जीपमध्ये बसल्यावर नाशिककडे वळली काय आणि जळगावकडे वळली काय, मला कोण विचारणार होतं?

जमादार पाठमोरेच होते, पण त्यांनी ऐकलं होतं. "लेकी," ते म्हणाले. तोवर मला ते 'बाई' म्हणत. "आई आजारी असली तर जायलाच पायजे. पर एसटीनं जा. जीपनं नाय."

मी कडीवरचा हात काढला.

पुढचं सगळं मला जास्त भीतीचं वाटलं. जमादारांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि जाहीर केलं की आपण सगळेच ठाण्यावर जाऊ, मुलगीसुद्धा. म्हणजे ज्या दारात जाऊ नये म्हणून मी सही केली नव्हती तिथेच मला नेणार. मी दार उघडेना. शेवटी काकू खिडकीशी आल्या. "अगं, इथं कोंडून बसलीस तर ते सांजच्याला पुन्हा येतील, तवा गल्ली नसंल. तिथं सगळ्यांसमोर लिहून होईल. मी हाय तुझ्यासंगं." मी रिक्षात काकूंना चिकटून बसले. जीप मागून येत होती. टेलरला जमादारांनी वाळूजला पिटाळलं होतं, माझ्या नवऱ्याला आणायला. कारण दाखला नेमका त्याच्याकडे होता. कामगार विम्याच्या कार्डावर माझं नाव घालायला त्यानं तो त्याच दिवशी कंपनीत नेला होता.

ठाण्याचे साहेब तरुण होते. दोन्ही बाजू ऐकून जमादारांना म्हणाले, "काका, त्यांच्याकडे एफआयआर आहे. आधी आमच्याकडे यावं हा रिवाज आहे, पण आले नाहीत म्हणून मी त्यांना हाकलून देऊ शकत नाही. मुलगी सतरा वर्षांची असेल तर त्यांना न्यावीच लागेल."

"नसंल तर?"

"तर कागद दाखवा. मी तिला चार वाजता कोर्टासमोर उभी करतो. मॅजिस्ट्रेटसाहेब ठरवतील."

जमादार मागे फिरले. त्यांच्या हद्दीच्या कायद्याला इतकी मोठी भगदाडं आहेत हे त्यांना ठाऊक असावं, पण ते माझ्यासमोर सांगायचं नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. समोरच्या बाकावर दादा आणि चुलते. बारा वाजले, एक वाजला. टेलर येईना. मी दाराकडे बघत होते, दादा फरशीकडे. दोन वाजता काकूंनी भाकरी सोडली आणि एक चतकोर माझ्या हातात दिला, तो हातातच वाळला. जमादारांनी एक भाकरी उचलली आणि समोरच्या बाकावर दादाला नेऊन दिली. दादानं घेतली नाही.

तीनच्या सुमाराला नवरा आला. तेलकट कपड्यांत, टेलरच्या लुनावर मागे बसून. गेटवर त्याला सोडत नव्हते, पाळी सुटेपर्यंत थांबावं लागलं होतं. दाखला त्यानं डब्याच्या फडक्यात गुंडाळून आणला होता.

कोर्टात मला दोनच प्रश्न विचारले. वय किती, आणि कोणासोबत जायचंय. वयाचं उत्तर मी नीट दिलं. दुसऱ्या उत्तराला दादाकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी थांबून पुन्हा विचारलं, "कोणाचं दडपण आहे का?" मी म्हणाले, "नाही. मला नवऱ्याकडे राहायचं आहे. पण आईला बघायचंही आहे." त्यांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं लिहायला कागदावर जागा नसावी.

संध्याकाळी मी जमादारांच्या पाया पडायला गेले तेव्हा ते अंगणात उरलेली अर्धी दाढी करत होते. मी विचारलं, "काका, आमचं लग्न तर तुम्हाला पटलं नव्हतं. मग?"

"अजून बी पटलं नाय," ते म्हणाले. गाल पुसले. वस्तरा मिटला आणि सांगू लागले.

"मी नवा शिपाई व्हतो तवा कन्नडच्या घाटात मला नाक्यावर ठेवलं व्हतं. तिथं एक दगड व्हता. अलीकडं निजामाचं राज्य, पल्याड खानदेश. पोलीस ॲक्शनच्या आदलं, गडबडीचं साल. लोक रोज पळायचे. लेकरं, म्हाताऱ्या, बकऱ्या, जातं सुद्धा डोक्यावर. आमच्या अमीनाचा, म्हंजे ठाण्याच्या साहेबाचा हुकूम, कोणाला जाऊ द्यायचं नाय. एक बाई माझ्या हातून निसटली. पोटुशी व्हती, धावता बी येईना तिला. मी मागं धावलो. दगडाच्या पल्याड गेली आन् खाली बसली. पाठ माझ्याकडं. वळून बघितलं बी नाय. पदरानं तोंड पुसलं, पाणी पिली. माझ्यापसून ती दोन हात व्हती. तिला ठाऊक व्हतं, हा आता येत नाय. आन् मी बी गेलो नाय." त्यांनी वाटीतलं साबणाचं पाणी ओतून दिलं. "पोलिसाला हद्द पायजे. लोकांनी पळून जायला कुठं जागा राहिली पायजे का नाय?"

त्या दिवसानंतर मला कडी लावावीशी वाटायची नाही असं म्हणायला आवडेल, पण तसं झालं नाही. जीपचा आवाज आला की अजूनही हात थांबायचा. आणि आता त्या भीतीत दुसरी मिसळली होती. दादा खरं बोलला असेल तर?

दिवाळी होऊन गेली तेव्हा वहिनीचं पत्र आलं. चार ओळी. आई अंथरुणावर आहे, बोलणं अडखळतं, दिवसाउजेडी ये आणि दिवसाउजेडी जा. हे सापळ्यासाठी लिहवून घेतलं असेल का, हे त्या चार ओळींवरून कळत नव्हतं. नवरा म्हणाला मी येतो. जमादार म्हणाले, "तुम्ही गेलात तर तिथं मुडदा पडंल. मी जातो."

"काका, तिकडे तुमची हद्द नाही," मी म्हणाले. मला खरं म्हणायचं होतं ते असं, येऊ नका, तुम्हाला काही झालं तर काकूंना काय सांगू?

"म्हणून तर खाकी घालत नाय," ते म्हणाले.

पहाटेच्या एसटीनं आम्ही भुसावळला गेलो आणि तिथून खांडव्याकडची पॅसेंजर पकडली. जमादारांच्या अंगात पांढरा सदरा होता, आणि त्यात ते कुठल्याही लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखे दिसत होते. रावेर गेलं, महाराष्ट्राची हद्द सुटली, आणि त्यांनी बोलणं बंद केलं. एरवी इतक्या वेळात त्यांनी डब्यातल्या चौघांची चौकशी केली असती.

घराच्या ओट्यावर चुलते बसले होते. मला बघून ते उठून आत गेले आणि दादा बाहेर आला. दारात उभा राहिला. जमादारांनी टोपी काढली.

"हिचा घरमालक हाय मी. चारच्या गाडीची दोन तिकिटं काढलेली हायत," त्यांनी खिशातून तिकिटं काढून दाखवली. "तवर हिला आईपाशी बसू द्या. मी इथं बसतो. मला पाणी बी नको."

दादा त्या तिकिटांकडे बघत राहिला. मग बाजूला झाला.

आईची उजवी बाजू गेली होती. तिनं डावा हात माझ्या तोंडावरून फिरवला. मी विचारलं, कधीपासून? वहिनी म्हणाली, "पोळ्यापासून." म्हणजे जीप आली त्याच्या आठवडाभर आधी. दादा खिडकीशी खरंच बोलला होता. मी आईच्या अंथरुणावर डोकं टेकवून बसले. जेवढं रडायचं ते तिथेच रडले. दादा दोनदा दारापर्यंत आला आणि आत न येता गेला.

साडेतीनला मी बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. ओट्यावर जमादारांच्या शेजारी तोच हवालदार बसला होता. चुलत्यांनीच बोलावलं असणार. सायकल भिंतीला टेकलेली. आता मला वाटलं, संपलं. इथे टेलर नाही, काकू नाहीत, अख्खी गल्ली परकी.

हवालदार उठला. चुलत्यांकडे वळून म्हणाला, "मेरे पास आज इसके नाम का कोई काग़ज़ नहीं है। बालिग है। मेरे इलाक़े में कोई हाथ लगाएगा तो मुझे उसके नाम की रपट लिखनी पड़ेगी।" मग जमादारांना म्हणाला, "चलिए, स्टेशन तक छोड़ देता हूँ।"

आम्ही पायी निघालो. मधे मी, एका बाजूला जमादार, दुसऱ्या बाजूला सायकल हातात धरून हवालदार. गावातून जाताना लोक दारादारांत उभे होते. दादा कोपऱ्यापर्यंत मागे मागे आला, मग थांबला. स्टेशनवर हवालदारानं जमादारांना बिडी दिली, आणि एरवी बिडीला शिवी घालणाऱ्या जमादारांनी ती ओढली.

गाडी सुटली. जमादारांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः समोर बसले. काकूंनी दिलेली दशमी सोडायला घेतली तर गाठ सुटेना. मी पाहिलं, त्यांची बोटं थरथरत होती. मी फडकं घेऊन गाठ सोडली.

"सकाळपसून असंच हाय," ते म्हणाले. "काकूला सांगू नको."

"भीती वाटली?"

"लई. पस्तीस वर्सांत नाय वाटली येवढी." थोड्या वेळानं म्हणाले, "आईनं वळखलं का?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्याच तोंडचा शब्द माझ्या तोंडून गेला.

त्यांनी मान हलवली. दशमीचा अर्धा तुकडा खाल्ला, उरलेला माझ्याकडे दिला आणि बाकाला मान टेकली. दोन मिनिटांत ते झोपले, तोंड उघडं, टोपी मांडीवर. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती. प्रत्येक वेळी डब्यात चढणारा माणूस मी नीट बघून घेत होते, त्याचा चेहरा, त्याचे हात. सूर्य उतरला होता, पण उजेड होता. भुसावळ येईपर्यंत मी डोळा मिटला नाही. त्यांच्या टोपीवर एक हात ठेवून तशीच बसून राहिले.